मधल्या किमतीची काठी

१२ मे, मंगळवार
ग्रेटा वॅन एटनने तिच्या मासेमारीच्या दुकानात बोलावलं. ट्राउट मासे धरण्याच्या दोन नव्या काठ्या आल्यात, नदीवर तपासून अहवाल हवाय. दुकानात कुठली ठेवायची ते त्यावर ठरणार, शिवाय क्लबच्या पत्रकातही छापून येणार. हजार डॉलरची काठी घ्यायला मी हात पुढे केला. तिने हातात दोनशे तीसवाली ठेवली. हजारवाली काल लॉइडला दिली म्हणे.
लॉइड! माझा मेहुणा. तीस वर्षं या गावात टपाल वाटलं. गळ हातात धरून पुरती तीन वर्षं झालेली नाहीत. काठीची मूठ कुठली आणि टोक कुठलं, हे मी दाखवलंय त्याला.
मला वाईट वाटलेलं नाही. नोंद असावी म्हणून लिहितोय.

१३ मे
घरामागच्या हिरवळीवर चाचणी. काठी चार तुकड्यांची, शेवाळी रंग, बुचाची मूठ. दिसायला बरी. पण टोक फार लवचीक. दोरी मागे जाते ती येतच नाही. तिसऱ्या फेकीला लायलॅकच्या झुडपात अडकली, पाचव्याला माझ्या कानात. नेडीनने खिडकीतून विचारलं, हल्ली मासे लायलॅकवर राहायला आलेत का. बायकोला तांत्रिक गोष्टी सांगण्यात अर्थ नसतो.

१५ मे, संध्याकाळ
नदीवर पाच तास. मासे शून्य. गळाला आमिष म्हणून लावायच्या पिसांच्या चार खोट्या माश्या झाडांवर अडकून गेल्या. दोष टोकाचाच.
पुलाखाली लॉइड होता. त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. दुर्बीण मी पक्ष्यांसाठी नेतो. अकरा धरले त्याने. अकराही परत सोडले. एवढी ऐट!

१७ मे
लॉइड जेवायला. त्याची बायको आयरीन गेल्यापासून दर रविवारी येतो. नेडीनने खिम्याच्या मीटलोफचा कडेचा खरपूस तुकडा त्याच्या ताटात वाढला. बावीस वर्षं तो तुकडा माझा आहे. अकरा कसे धरलेस, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "मी काही करत नाही गं, सगळं ती काठीच करते." मी म्हटलं, अगदी बरोबर. दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

१९ मे
अहवाल नेऊन दिला. तीन पानं. निष्कर्ष: ‘या काठीने मासा लागणे अशक्य.’
ग्रेटाने वाचला. म्हणाली, "मर्ल, एक तरी लागला का?"
नाही म्हटलं.
"मग मासा लागल्यावर काठी कशी वाकते, ते तुला कसं कळणार? परत जा."
वर हेही म्हणाली की न्यूयॉर्कहून शनिवार-रविवारी येणाऱ्या, धड नवख्या नाही आणि धड तरबेजही नाही अशा मधल्या लोकांसाठी ती ही काठी ठेवणार आहे. म्हणून तर तुला दिली, असं म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली.
मी वर्षाला एकशेचाळीस दिवस नदीत उभा असतो. मधला! काहीही विकत न घेता बाहेर पडलो.

२१ मे
शास्त्रीय उपाय सुचला. एक दिवस काठ्यांची अदलाबदल. म्हणजे गावाला कळेल, मासे लॉइड धरतो की हजार डॉलर. लॉइडला फोन केला. लगेच हो म्हणाला. आढेवेढे नाहीत, अटी नाहीत. संशयास्पद.

२३ मे, सकाळी ५.४०
आज निकाल.

२३ मे, दुपार
हजारवाली काठी काय फेकते! माझी दोरी थेट पलीकडच्या काठावर गेली. तिथल्या झुडपात. सहा वेळा.
लॉइडने माझ्या काठीवर नऊ वाजेपर्यंत सात धरले. मग एकोणीस इंची ब्राउन ट्राउट. त्याने हाक मारली, "मर्ल, किती गोड काठी आहे रे ही! एवढे दिवस बोलला नाहीस!" फोटो मला काढावा लागला. तो जरा हलला आहे.
तो मासा पाण्यात सोडत होता तेव्हा मी हजारवाली ट्रकमध्ये ठेवली आणि दार लावलं. दार जोरात लावण्याचं खास कारण नव्हतं. कट्‌ आवाज झाला. टोकाचे तीन इंच.
तुकडे काठी ठेवायच्या नळीत घालून झाकण लावलं. लॉइडला दिली. मिठाची गुळणी धरली, असं कुणी म्हणेल. तसं नाही. उद्या सांगणार आहे.

२४ मे
चर्चमध्ये सांगणं योग्य दिसलं नसतं. जेवायला लॉइड आज आला नाही, उद्याच्या कार्यक्रमाच्या तयारीला गेला. संध्याकाळी फोन केला. एकदा वाजला, उचलला नाही, मी ठेवला. प्रयत्न केला हे महत्त्वाचं.

२५ मे, मेमोरियल डेची सुट्टी
अग्निशमन केंद्राच्या अंगणात कोंबड्या भाजण्याचा कार्यक्रम. सगळं गाव. ग्रेटाने सगळ्यांदेखत सांगितलं की लॉइडने काठी मोडून आणली. चुकून पाय पडला म्हणाला, भरून देतो म्हणाला. लॉइड कणसाला लोणी लावत होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मी कोंबडीच्या दोन तंगड्या खाल्ल्या. चव लागली नाही.
का करावं त्याने असं? मासे झाले, मीटलोफ झालं. आता चांगुलपणातही माझ्या पुढे?

२६ मे
भाषण लिहिलं. ग्रेटाच्या दुकानात जाऊन, दोन गिऱ्हाइकांसमोर, पूर्ण वाचलं. दार, ट्रक, तीन इंच, सगळं. आवाज मध्येच चिरकला, सर्दीमुळे.
ग्रेटा म्हणाली, तिला ठाऊक होतं. टोकावर दाराचा काळा रबर लागलेला होता. आणि काल लॉइड तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "मर्लला जरा वेळ दे. तो आपणहून येईल. मी ओळखतो त्याला."
म्हणजे माझ्या कबुलीचं श्रेयही त्यालाच.

२७ मे
लॉइडच्या घरी गेलो. माझं चुकलं रे, म्हणालो. तीन शब्दांपेक्षा जास्त जमले नाहीत. त्याने कॉफी ओतली. म्हणाला, "आयरीन गेली तेव्हा मी दोन महिने पडदे उघडले नव्हते. तू येऊन मला ओढत नदीवर नेलंस. एका काठीचं काय घेऊन बसलास?"
नेडीनने पाठवलं होतं म्हणून गेलो होतो मी. तेही सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशीही आलास, तेव्हा तिने पाठवलं नव्हतं.
हे खरं आहे. मीच विसरलो होतो.
मग तो चाचरत म्हणाला, "रागावणार नसशील तर एक सांगू? फेकताना तुझं मनगट फार मागे वाकतं. कधीचं बघतोय मी. बोलायचा धीर होत नव्हता."

३० मे, शनिवार
लॉइडबरोबर नदीवर. माझ्या हातात दोनशे तीसवाली. तो मागे उभा राहून माझं मनगट धरत होता. पुलावरून डॉक्टर, पाद्री आणि सामन्याला निघालेल्या शाळेच्या संघाची बस गेली. सगळ्यांनी हात केला.
दहा वाजून वीस मिनिटांनी लागला. लॉइड असा ओरडला की खालच्या वळणावरचे दोघे धावत आले. त्याला गप्प बस म्हटलं.
ग्रेटाला नवा अहवाल दिला: काठी चांगली आहे.
मासा आठ इंच. इथे दहा लिहिणार होतो, पण मोजला लॉइडने.