कडं मी काढून नेलंय

दिनेश,

उठल्यावर रिकामं मनगट बघून आईवर ओरडू नकोस. आजोबांचं चांदीचं कडं मीच काढलंय, तू झोपेत असताना, तेल लावून. मला खापरला जाणारी जीप गाठायची आहे आणि मी परत येईपर्यंत तू वेरावळच्या रस्त्याला लागलेला असशील, म्हणून लिहून ठेवतेय.

काल तू हसत हसत सांगितलंस, वेरावळला ट्यूना माशानं गळ गिळला, दोराचा वेढा तुझ्या सोबत्याच्या मनगटाला बसला आणि तो होडीतून सरळ पाण्यात गेला. ते ऐकून आईनं लगेच तुझ्या हातात कडं घातलं, याहामोगी माता राखील म्हणून. मला मात्र एवढंच दिसत होतं, की कडं सैल आहे आणि दोर पहिला त्यातच अडकेल.

इथं धरणावर तू दोर मनगटाला गुंडाळून झोपतोस, मासा लागला की जाग यावी म्हणून. तिथं समुद्रात तसं करू नकोस रे. तो मासा तुझ्याएवढा, आणि काठ कुठंच नाही. लाइफ जॅकेट उशाला घेऊ नकोस, अंगात घाल. दोर कापायची सुरी पिशवीत वरच ठेवलीय.

आईला सांग, ताईनं कडं उजळायला नेलंय. कडं हवं असेल तर परत येऊन माझ्याशी भांड.

मनगटात सैल असलं तरी ते अंगठ्यापाशी अडकलं, म्हणून काढताना मी चांगलाच जोर लावला. तुझ्या अंगठ्याचं सालटं निघालं, तरी तुला जाग आली नाही.

ताई