मागे बसणाऱ्याने बोलू नये

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, तळ्याच्या धक्क्यावर ‘पाणकोंबडी’ म्हणून सर्वांना माहीत असलेली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्यामागची ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. शुद्धीची खात्री डॉक्टरीणबाईंनी केली आहे. त्यांनी मला सरळ रेषेत चालायला लावले. जमिनीवर ते मला तरुणपणीही जमत नव्हते.

१. धक्क्यामागचे घर माझ्या मुलाला. छप्पर गळते. तो कधीचा ‘बघतो’ म्हणत आहे. आता छप्पर त्याचेच झाल्यावर बघेल. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी-निम्मी.

२. पान्यांची पेटी आमच्या मेकॅनिकला. निम्मे पाने आधीच त्याच्याकडे आहेत. धाकट्या दिरांना माझे लाइफ जॅकेट. यजमान गेले तेव्हा, आता हा धंदा बंद करा, बाईमाणसाला पाण्यावर शोभत नाही, असे त्यांनी चारचौघांत सुनावले होते. त्यानंतर वीस वर्षे मी त्याच धक्क्यावरून लोकांना तळ्यात फिरवले. जॅकेट त्यांच्या पोटावर बसणार नाही, पण डोळ्यांसमोर राहील.

३. माझी वॉटर स्कूटर आणि तिची लाल दोरी सुनेला. दोरीचे एक टोक मनगटाला असते, दुसरे स्कूटरच्या बटणाला. माणूस पडला की दुसरे टोक सुटून इंजिन बंद पडते.

याचे कारण लिहिते. गेल्या वर्षी भर तळ्यात मला भोवळ आली. समोर खडक होते आणि सून मागे बसलेली. घाबरलेला नवखा आधी रेस सोडतो, आणि रेस सोडली की ही स्कूटर वळत नाही, नाकासमोर जाते. माझ्या मुलाने तरुणपणी अशीच ती धक्क्यावर चढवली होती. हँडल अडकले होते असे तो अजून सांगतो. मी सुनेला एवढेच म्हणू शकले, “घाबर हवी तेवढी, पण रेस सोडू नकोस.” तिने माझ्या दोन्ही बाजूंनी हात घालून हँडल धरले, रेस दिली, खडक चुकवले आणि मला घरी आणले.

त्या संध्याकाळी मुलगा तिला म्हणाला, “आजपासून तू पाण्यावर जायचं नाहीस.” तो भीतीपोटी बोलला हे मला कळते. पण तिने मुकाट्याने दोरी खिळ्याला अडकवली, त्याचे मला फार वाईट वाटले. तळे तिला आवडले होते.

म्हणून अट अशी : मुलाने तिच्या मागे बसावे, घट्ट धरावे. मागे बसणाऱ्याने बोलू नये.

ज्यांना काही मिळणार त्यांनी साक्षीला बसायचे नसते, म्हणून मुलगा, सून आणि मेकॅनिक बाहेर पायऱ्यांवर होते. साक्षीला बसलेल्या धक्क्यावरच्या तिकीटवाल्यांनी मजकूर इथवर वाचून दाखवला. त्यांचा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत जातो, हे मला ठाऊक होते.

सून आत आली, खिळ्यावरची दोरी काढून मनगटाला अडकवली आणि धक्क्याकडे गेली. मुलगा मागोमाग गेला. आता खिडकीतून दोघे दिसत आहेत. ती पुढे, तो मागे. वळणावर तिने रेस सोडली नाही. त्याचे तोंड बंद आहे.

सबब कलम तीन माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू.

सही : पाणकोंबडी (खरे नाव शिक्क्याखाली)
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. धक्क्यावरचे तिकीटवाले
ठिकाण : राहते घर, खिडकीजवळ
दिनांक : १४ ऑक्टोबर, वारा नाही