खुंट्या कुठल्या अंगाला

बुधवार, अठरा तारीख
साइटवरची पत्र्याची खोली

ताई,
नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि काहीतरी निमित्त काढून उठायचो. इथे बघायला फार आहे गं. आमचा जेसीबीवाला बकेटच्या दातानं बाटलीचं झाकण उडवतो. शप्पथ!

असो. काम काय करतोस, असं विचारलंयस. डोंगर कापून रस्ता चाललाय. उकरलेली माती पावसाबरोबर खाली जाऊ नये म्हणून उताराला आडवं कापडाचं कुंपण घालतो. विणलेलं, काळं, गुडघ्याच्या वर येणारं कापड. खालची कड चरात पुरायची, वर माती चोपायची. पाणी झिरपून जातं, गाळ मागे राहतो. पायथ्याला एका बाईंचं मत्स्यबीजाचं तळं आहे, ते या कापडाच्याच भरवशावर.

तर साहेब पाहणीला येणार होते. खालून येताना कापड कसं सपाट, देखणं दिसावं, म्हणून आम्ही खुंट्या मागे, वरच्या अंगाला ठोकल्या. साहेब खूश! दुसऱ्या दिवशी पाऊस आला. गाळाचा सगळा रेटा कापडावर आणि पाठीशी खुंटी नाही. खुंट्यांवरनं टराटरा फाटून सुटलं की सगळं. मुकादम बोंबलला, "कुंपण घातलंत का पडदे लावलेत रे?" आणि सांगितलं होतं त्यानंच.

तळं चहासारखं झालं. माशांची पिल्लं उलटी तरंगत होती. बाई काठावर उभ्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "दादा, हे दाखवायला बांधलं होतंत होय?"

आता खुंट्या उपटून खालच्या अंगाला ठोकतोय. ते संपेपर्यंत सुट्टी नाही, असं तुला लिहिणार होतो. खोटं आहे ते. मुकादम परवाच ओरडला, "जा की घरी! तुझ्यावाचून डोंगर काही पडत नाही."

ताई, बाबांची वाचा गेली, या तुझ्या ओळीपुढे मला जाताच येईना. मी घर सोडलं तेव्हा ते गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत आले होते. त्या आवाजाच्या रागावर तर मी इतकी गावं फिरलो. तो आवाजच नसेल तर त्यांच्यापुढे उभं कसं राहायचं? ते दिवसभर दाराकडे बघतात म्हणतेस. कुणाची वाट बघतात ते कळतं गं मला. उशीर होईल हेही कळतं, आणि तरी मी आपला खुंट्याच ठोकत राहतो.

रविवारी निघतो. नक्की. त्यांना सांग, मी

थांब. दाजी आलेत! तुझ्या बाळंतपणातही ज्यांनी औषधाचं दुकान बंद ठेवलं नाही, ते दाजी फाटकाशी चिखलात उभे आहेत. हातात पिशवीसुद्धा नाही. मुकादमाशी काहीतरी बोलतायत.

मुकादमानं हेल्मेट काढलं. आता माझ्या खोलीकडे बघतोय. एरवी ओरडून डोंगर हलवणारा माणूस, आज स्वतः चालत येतोय.

पत्र पोस्टात टाकत नाही, ताई. दाजींबरोबर निघतो.

बाबांचा, आणि तुझा,
धाकटा