बाईसाहेब घरी आल्या

नाही हो भाऊजी, गाडी ढकलत नाही आणली. टेकडीवरून सोडून देऊन खाली दोघांनी झेलली, असंही नाही. मेव्हिस जाऊबाईंनी फोनवर आमच्या कीथला जे जे सांगितलं, ते त्यानं मला सगळं ऐकवलंय, तेव्हा तुमची दोघांची करमणूक झालीय असं धरून चालते. आता खरं काय झालं ते माझ्या हातचं वाचा. चष्मा लावा, अक्षर तुमच्या भावासारखं, विल्फसारखं आहे म्हणून नाक मुरडू नका, आम्ही दोघं एकाच मास्तरणीच्या हातचा मार खाल्लेले.

तर आधी रीतीप्रमाणं. सिरिल भाऊजींना हेटीवहिनीचा नमस्कार. तब्येत कशी आहे? जाऊबाईंचा गुडघा वाकतो का? समुद्राची हवा मानवली ना? (मानवणारच. विल्फला पुरायला न्यायच्या वेळी हातातला चहा अर्धा टाकून तुम्ही गर्दी व्हायच्या आत घरी पोचायचं म्हणून निघालात. ती हवा तुम्हाला किती लागते ते साऱ्या खोऱ्यानं पाहिलंय.) माझं बरं चाललंय. कोंबड्या बऱ्या आहेत, एक अंड्यावर बसलीय आणि जाऊबाईंसारखीच कुणाला जवळ येऊ देत नाही.

बस बंद झाल्याचं तुम्हाला ठाऊक आहे. दुकान, डॉक्टर, सगळं घाटाच्या पलीकडे. कीथनं मला शेवटचं सांगितलं, "आई, दारात चालणारी गाडी असेल तर राहा इथं, नाहीतर उन्हाळा संपायच्या आत सामान बांध." त्यानं शहरात म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली बघून ठेवलीय. संडासात दोरी लोंबते, ओढली की बाई धावत येते. आयुष्यभर मी चुलीपाशी, गोठ्यात, बर्फात कुठं कुणा बाईला मदतीला बोलावलं नाही, आता दोरी ओढून बोलावणार! पण त्याचंही चुकत नाही. दारात गाडी होतीच की. विल्फची हिरवी. तो तिला 'बाईसाहेब' म्हणायचा आणि मला 'अगं ए'. विल्फचे कागदपत्र तुमच्या हातात होते, आणि तुम्ही "वहिनी, जरा चालवून बघतो, बॅटरी उतरेल" म्हणून नेलीत ती विकूनच परत आलात. "तुमच्याच भल्यासाठी," म्हणालात, "चांगल्या घरी दिलीय." माझं भलं तुम्हाला इतकं समजतं, मला मेलीला कधी समजलं नाही.

ते चांगलं घर मी पाहून आले. किनाऱ्याकडचा गॉथ्रप, टर्की कोंबड्या पाळणारा. बाईसाहेब त्याच्या शेडमागं खाजकुयलीसारख्या झाडीत उभ्या होत्या आणि मागच्या सीटवर तीन टर्की झोपल्या होत्या. (चौथी स्टिअरिंगशी होती. तुमच्यापेक्षा शांतपणे चालवत होती.) मी विचारलं, "टॅक्स?" तो म्हणाला, "विकली की टॅक्स संपतो, मावशी, नवा तुम्हीच भरायचा." "गाडीची सरकारी तपासणी?" "तीपण संपली." "मग शिल्लक काय राहिलंय?" "हॉर्न फस्क्लास आहे." वाजवून दाखवला. टर्की उडाल्या, आणि मी तिथंच घेतली. दुसरी का नाही घेतली म्हणाल, तर मला दुसरी येते कुठं? हिचा दुसरा गिअर गुडघ्यानं ढुशी मारल्याशिवाय पडत नाही. माझा गुडघा त्या एकाच गाडीला शिकलाय. किती दिले ते सांगणार नाही, तुम्हाला किती मिळाले ते तुम्ही तरी कुठं सांगितलंत.

आता आणायची कशी? तपासणीत पास झाल्याशिवाय टॅक्स घेत नाहीत, टॅक्स नसेल तर रस्त्यावर आणू देत नाहीत, आणि रस्त्यावर आणल्याशिवाय तपासणीला नेणार कशी, डोक्यावर घेऊन? एकच वाट आहे. आधी एखाद्या गॅरेजात तपासणीची वेळ घ्यायची आणि मग गाडी सरळ तिथंच न्यायची, तेवढं कायदा चालवून घेतो. मी आपल्या खोऱ्यातल्या टॉमी अल्डरसनकडं बुधवार सकाळची वेळ घेतली. विमा फोनवर काढला. तिथली पोरगी विचारते, "गाडीचा वापर कशासाठी?" म्हटलं, "बसायला." ती म्हणाली, असा रकाना नाही.

निघाले. खिडक्या उघड्या, वास टर्कीचा, आणि त्याखाली, अगदी खाली, विल्फच्या तंबाखूचा. घाट चढताना बाईसाहेब खोकल्या, थुंकल्या, पण चढल्या. आणि चढून आल्यावर मी चूक केली. अल्डरसनकडं सरळ जायचं सोडून खोऱ्यातल्या चॅपलच्या कब्रस्तानाकडं, विल्फच्या थडग्याकडं वळले. प्रेमानं वगैरे नाही हं, रडू नका. त्याला सांगायचं होतं की बघ, तुझ्या भावानं विकली, मी आणली. सांगितलं. तो काही बोलला नाही. मातीच्या वर असतानाही कुठं बोलायचा.

फाटकाशी आले तर एक पोलीस बाईसाहेबांभोवती फिरतोय. शहरातला पोरगा, कान अजून नवेकोरे. म्हणाला, "आजी, या गाडीला टॅक्स नाही, तपासणी नाही."

"तपासणीलाच चाललेय बाळ. वेळ घेतलीय."

"मग इथं काय करताय?"

"नवऱ्याला दाखवायला थांबले."

"कुठायत ते?"

"तुझ्या बुटाच्या जरा डावीकडं."

असा उडाला भाऊजी! टोपी थडग्याच्या दगडावर पडली, विल्फ फाटकाला लागूनच पुरलाय. मग लाल होऊन म्हणतो, "आजी, तपासणीला म्हणजे सरळ तपासणीलाच जायचं असतं. मधे थांबायचं नसतं. हे कब्रस्तान काही तुमच्या रस्त्यात नव्हतं."

"हे सगळ्यांच्याच रस्त्यात आहे रे," मी म्हटलं, "तू तरुण आहेस म्हणून तुला आडवाटेला वाटतंय."

त्यानं अल्डरसनला फोन लावला, खरंच वेळ घेतलीय का बघायला. टॉमी पलीकडून इतका ओरडला की मलाही ऐकू आलं. "हेटी कुठाय? बारा वाजत आले! आज बुधवार!" आता आपल्याकडं बुधवारी दुपारी सगळं बंद, हे खोऱ्यातल्या कुत्र्यालाही माहीत, मलाच तेवढं वेळ घेताना सुचलं नाही, कारण सकाळची वेळ होती आणि सकाळ मी विल्फशी बोलण्यात घालवली. पोरगा हिशेब करायला लागला, "म्हणजे टॉमींनी दार लावलं की तुमची तपासणी गेली, आणि तपासणी गेली की गाडी बेकायदा, आणि मग मला ती उचलून न्यावी लागेल." मी त्याच्याकडं नुसती बघत राहिले. (हे मला चांगलं जमतं, विल्फला विचारा.) शेवटी म्हणाला, "माझ्या मागून या. आणि कुठं, म्हणजे कुठंही, थांबू नका."

पुढं निळा दिवा, मागं बाईसाहेब. लोक भिंतीवर चढून बघत होते. शेजारच्या एल्सी पीटनंही आवाजाच्या रोखानं हात हलवला. आपल्या रेस्ट्रिकांच्या घरातल्या कुणालाही असा मान कधी मिळाला नव्हता. विल्फच्या शवपेटीमागं तर एकच गाडी होती, आणि तीही तुमची, चौकातूनच वळली.

टॉमी दारात किल्ली घेऊन उभा. म्हणाला, "राणी आली तरी बुधवारी बारानंतर उघडत नाही." मग त्याला गणवेश दिसला. उघडलं. मला खुर्ची दिली, चहा दिला, आल्याचा केक दिला, आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. पुढची लांबड लावत नाही. बाईसाहेब आता माझ्या अंगणात उभ्या आहेत, मी धुतल्यात, पुसल्यात, आणि खिडकीतून बघत तुम्हाला हे लिहितेय. तुम्ही विकलेली वस्तू परत जागेवर आली, एवढंच सांगायचं होतं.

जाऊबाईंना, त्यांच्या गुडघ्याला आणि तुमच्या समुद्राला विचारलंय म्हणून सांगा.

तुमची, अजून इथंच राहणारी वहिनी,
हेटी

ता.क. कीथ रविवारी तुम्हाला फोन करणार आहे. त्याला सांगा की तुम्ही येऊन गेलात, माझ्या शेजारी बसून घाटापलीकडच्या दुकानापर्यंत जाऊन आलात, ब्रेक उत्तम आहेत. तुम्ही सांगितलंत की त्याला पटतं. गाडी चांगल्या घरी दिली असं मला सांगितलंत ना, तोच आवाज काढा. हे तुम्ही माझं देणं लागता.

ता.क. दुसरा. जाऊबाईंना वाचून दाखवायचं असेल तर माझ्या सहीपर्यंतच दाखवा.

ता.क. तिसरा, फक्त तुम्हाला. टॉमीनं गाडीच्या तळाला बोट लावलं, ते आरपार गेलं. मग मूठ गेली. म्हणाला, "हेटी, हिला गंजानं धरून ठेवलंय, दुसरं काही उरलं नाही." त्यानंच मेंढ्यांच्या ट्रेलरवर ताडपत्री टाकून घरी आणून दिली, सगळे गोट्यांच्या सामन्याला गेले होते तेव्हा. पाव-दूध त्याची बायको गुपचूप टाकून जाते. रोज सकाळी टोपी घालून, मांडीवर पिशवी घेऊन मी आत बसते, इंजिन चालू करते, गुडघ्यानं दुसरा गिअर टाकते, हॉर्न वाजवते. एल्सीला दिसत नाही पण ऐकू चांगलं येतं, ती कीथला कळवते, "तुझी आई निघाली भटकायला." मग मी इंजिन बंद करून मागच्या दारानं घरात येते आणि दुपारपर्यंत किटलीसुद्धा ठेवत नाही, शिट्टी वाजेल म्हणून.

नापास झाली, भाऊजी. ती इथून हलणार नाही. आणि मीही नाही.