किल्लीवालीचं ऐकून घे, ताई

प्रिय ताई,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझ्या 'मुकं गाव' पुस्तकावरची मालिका रविवारी संपली. तू असतीस तर अमरावतीच्या राजापेठेत घरोघरी पेढे वाटले असतेस. ती कशी झाली, ते बाकीचे तुझ्या फोटोला हार घालून गोड गोड सांगतील. मी खरं सांगते.

आधी तुला बरं वाटेल ते. त्यांनी तुझं गाव बिघडवलं! पुस्तकातला तो बाजार, बैलांच्या गळ्यातल्या घंटा हलतात पण वाजत नाहीत, बायका भांडतात आणि नुसते ओठ हलतात. ते वाचताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. मालिकेत त्याच बाजारात मागे बासरी आणि ढोल! अगं, गावातले आवाज कोंडलेत ना? मग ढोल कुठून आला? आणि मुलं म्हणे वऱ्हाडी बोलतात. प्रत्येक वाक्याला 'बे' चिकटवलं की झालं यांचं वऱ्हाडी!

पण तू तरी काय केलंस? तुझी मुलं पुण्यात वाढल्यासारखी बोलायची. अख्ख्या पुस्तकात 'मले' आणि 'कावून' म्हणायची ती एकटीच, आवाज कोंडून ठेवणारी चेटकीण, किल्लीवाली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर तीळ. माझाच जुडगा, माझाच तीळ! अंजनगावात पोरं मला पाहून 'किल्लीवाली आली' म्हणत पळायची. मी फोनवर रडले, तर तू हसलीस. "कुसुम, गोष्ट आहे थे. इतकं काय मनाले लावून घेतं?" म्हणजे घरी तुलाही 'मनाले' यायचं.

ती दिवाळी आठवते? आईचं दुखणं शेवटाला आलं होतं. भांडं वाजलं तरी ती कळवळायची. तू अमरावतीहून पोरं घेऊन आलीस. त्यांनी अंगणात फटाके लावले, मी ओरडले, दाराला कुलूप घातलं. भाऊबीज झाली आणि तू निघालीस. आईपाशी किती वेळ बसलीस गं? माहेराहून नेलंस काय, तर माझं ओरडणं!

मालिका लिहिणारी मुलगी अकोल्याची. घरी आली, माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि सरळ विचारलं, "मावशी, ते किल्लीवाली आवाज कावून कोंडते?"

एवढं पुस्तक लिहिलंस, बक्षीस घेतलंस, 'का' हा साधा प्रश्न तुला कधी पडला नाही.

मी तिला सांगितलं. तिनं ते घेतलं. एका भागात किल्लीवाली आतल्या खोलीचं दार उघडते, आत तिची आजारी आई निजलेली. ती नटी एक शब्द बोलत नाही. फक्त आईच्या कानांवर दोन्ही हात धरते. ढोल, बासरी सगळं माफ केलं मी तेव्हा. तुझ्या शेवटात मुलं किल्लीवालीला विहिरीत ढकलतात आणि काठावर नाचतात. मालिकेत आई गेल्यावर ती आपणहून किल्ल्या मुलांच्या हातात देते. शेवट बदलायची परवानगी तुझ्या लेकीनं, गौरीनंच दिली.

शेवटचा भाग पाहताना गौरी माझ्या शेजारी बसली होती.

"मावशी, आजीले खरंच इतका त्रास व्हायचा?"

"हो."

"आईनं तर आमाले सांगतलं होतं, मावशीले लेकरं आवडत नाईत."

मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तुले भ्यायची."

ऐकलंस? मला मूलबाळ नाही, ताई. एक भाची होती. तीही तू एका गोष्टीपायी घालवलीस. तू गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, हे तुला कसं वाटतं?

पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. वर त्या नटीचा फोटो, खाली बारीक अक्षरात तुझं नाव. प्रस्तावना मी लिहावी असं गौरीचं म्हणणं आहे. तो मुका बाजार तुझ्याशिवाय कुणाला जमला नसता, हे मी लिहीन. बाकी एक वचन देते. मी तुला चेटकीण करणार नाही. ते फार सोपं असतं. तू जेवढी होतीस, तेवढीच लिहीन. तुला तेच जास्त लागेल.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम