काचघरातली राखण

३ ऑगस्ट
पोचले! मिळाली एकदाची संशोधनाची जागा. ताईला फोनवर म्हटलं, तुझी बहीण आता झाडांच्या पत्रिका जुळवणार. ती म्हणाली, आधी स्वतःचं अंथरूण काढायला शीक.
केंद्र म्हणजे एक बैठी इमारत आणि मागे लांबलचक काचघर. माझी खोली त्याला लागूनच. खिडकीतून झुडपं दिसतात: गुडघ्याएवढी, पानांवर बारीक रुपेरी लव. रानातून ती कधीच नाहीशी झाली. जगात उरलीत ती इथे, या वाफ्यांत. केंद्राच्या प्रमुख मॅडम स्वतः चहा घेऊन आल्या. एवढ्या उकाड्यात लांब बाह्या घालतात, बाई! पण माणूस लाघवी.

६ ऑगस्ट
कामाची घडी बसली. पानाचा तुकडा घोटायचा, त्यातून डीएनए काढायचा, कोणतं झुडूप कोणाशी किती जुळतं ते बघायचं. सगळी एकमेकांची सख्खी निघतात, म्हणून बी धरत नाही. मॅडम म्हणतात, या घराण्याला नवं रक्त हवंय. कापसाचा बोळा माझ्या गालाच्या आतून फिरवून माझाही नमुना घेतला. काम करणाऱ्याचा डीएनए चुकून मिसळला, तर ओळखू यावा म्हणून सगळ्यांचेच ठेवतात.
लव हाताला टोचते. मनगटावर पुरळ उठलंय. सगळ्यांना होतं, म्हणाल्या मॅडम, आणि मलम दिलं.

१४ ऑगस्ट
माझ्याआधी इथे होता त्याला सगळे ‘दाढी’ म्हणायचे. तो परदेशी गेला म्हणे. तो जायच्या सुमारास एका झुडपानं कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा बी धरलं, आणि मी आल्यावर ते रुजलं. त्या रोपाचा डीएनए आज पाहिला. त्यात माणसाचा निघाला. ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिला, तर दाढीचा.
पण रोप उगवलं तेव्हा तो इथे नव्हताच. हात लावणार कुठून? नवी रसायनं, नवे हातमोजे घेऊन सगळं पुन्हा केलं. तेच. मॅडमना सांगितलं, तर त्या नुसत्या हसल्या. वाटलं, माझ्या धांदरटपणाला हसल्या असतील.

२० ऑगस्ट
पुरळ कोपरापर्यंत चढलंय. त्यातून एक पांढरा केस वर आलेला दिसला. चिमट्यानं ओढला. पार खांद्यापर्यंत कळ गेली. केस नव्हता. मूळ होतं.
ताई म्हणते, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. जाते म्हटलं, आणि काचघरात जाऊन उन्हात बसले. जेवायची आठवणही झाली नाही. बरं वाटलं, हेच भयंकर आहे.

२३ ऑगस्ट
मॅडमना सरळ विचारलं. त्यांनी बाह्या वर केल्या. हात नव्हेत, साल. वर रुपेरी लव.
“इतकी वर्षं एकटीनं जगवलं गं यांना,” त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. “आता मी पुरत नाही.”
दाढी कुठे आहे, विचारलं. त्यांनी कोपऱ्यातल्या वाफ्याकडे बोट दाखवलं. तिथलं झुडूप सगळ्यात घनदाट. मी पानं बाजूला सारली. बुंध्यात एक डोळा होता, मिटलेला. मी हाक मारली.
उघडला.

२४ ऑगस्ट
बॅग भरून निघाले. फाटकापर्यंत जाता जाता जीव घाबरा झाला, श्वास पुरेना. पाय आपसूक मागे वळले. वाफ्यातल्या ओल्या मातीत ठेवले, तेव्हा कुठे श्वास सुरळीत झाला.
ताईला फोन केला. ये, मला घेऊन जा. ओढून ने, पण ने. ती म्हणाली, रडू नकोस, मी निघालेच.

२५ ऑगस्ट
आवाज गेला. घशात काहीतरी पसरतंय — बारीक, ओलं —
फोन मॅडमनी काढून घेतला. रागावल्या नाहीत. डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्या शेजारचा वाफा खणायला घेतला. कोणासाठी, विचारता येईना. वहीत लिहून विचारलं.
म्हणाल्या, ताई येतेय ना तुझी.

२६ ऑगस्ट
पाय निघत नाहीत. बोटं वळतात अजून, पण —
काय केलं मी हे. मीच बोलावलं तिला. मीच —

दुपार
आली. काचेपलीकडे उभी आहे. मॅडम हसून तिच्याशी बोलतायत, दाराकडे हात करतायत. ताईनं मला पाहिलं. काच बडवतेय. तिला थांबवायला ओरडता येत नाही. मोठ्या अक्षरांत लिहून पान काचेला लावते, तिला दिसेल — हात जड — लवकर —

ताई, आत ये