त्यांनी ओतलेलं तेल

मुरुड, ४ एप्रिल १९८३

ती. नरसिंगदादास,
पंचशीलाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र बारा दिवसांनी मिळालं. पत्त्यावर अजून जिल्हा उस्मानाबाद लिहितोस. आमचं गाव नव्या लातूर जिल्ह्यात आलं, हे नांदेडला कळलेलं दिसत नाही.

हे गेल्याला दोन महिने झाले. वस्तीला पाणी आता आपल्याच विहिरीचं. विहिरीवरच्या इंजिनाला परमिटवर आठवड्याला दहा लिटर डिझेल मिळतं. शनिवारी ते संपतं आणि शेवटची दोन घरं राहतात. नागाबाई रिकामी घागर घेऊन गुमान परत जाते. भांडली असती तर बरं वाटलं असतं. इंजिनात काय बिघडलं असेल?

तुझी माया आहे, ती असू दे.
पंचशीला

नांदेड, ९ एप्रिल

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद.

जिल्हा सुधारला आहे, आता भांडू नकोस.

इंजिन ठीक आहे. पिस्टनच्या जुन्या रिंगा झिजल्या होत्या, धूर यायचा, म्हणून लिंबाजीराव पन्नास नंबरचं जाड तेल घालायचे. दिवाळीत मी रिंगा बदलल्या, पण त्यांची सवय बदलली नाही. ते तेल ढवळण्यातच इंजिनाची ताकद जाते आणि डिझेल जास्त लागतं. तीस नंबर घाल. त्याहून पातळ नको, लोखंडाला लोखंड घासेल. दहा लिटरमागं अर्धा लिटर वाचेल, म्हणजे अर्धा तास पाणी.

मागं तेल बदलायला आलेल्या विरूपाक्ष मिस्त्रीला तसंच परत पाठवलंस म्हणे. चहा तरी दिलास का?

नरसिंग

मुरुड, १४ एप्रिल

ती. दादास सप्रेम जय भीम.

चहा दिला होता.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी यांनी ते तेल ओतलं. शेवटचा थेंब गळेपर्यंत डबा उलटा धरून बसले होते. मिस्त्रीनं ते काढायला खालच्या बोल्टला पाना लावला आणि मला बघवेना. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पंचशीला

नांदेड, १९ एप्रिल

चि. पंचशीलास आशीर्वाद.

घाई नाही. तीस नंबरचा डबा एस.टी.च्या ड्रायव्हरकडे देतो आहे. लिंबाजीरावांनी तेलाबाबत माझं कधी ऐकलं नाही, मेव्हण्याला काय कळतं म्हणायचे. पण रिकामी घागर परत गेलेली त्यांना चालली नसती.

नरसिंग

मुरुड, १ मे

ती. दादास सप्रेम जय भीम.

गेल्या रविवारी मीच पाना लावला. जुनं तेल यांच्याच डब्यात धरलं. काल शनिवारी नागाबाईच्या दोन्ही घागरी भरल्या. इंजिन लई हलकं वाजतंय, म्हणाली.

जुनं तेल बैलगाडीच्या आसाला लावलं. दाराच्या बिजागरीलाही लाव, असं नागाबाई म्हणत होती. तिथं लावलं नाही. हे घरी आले की ती बिजागरी कुरकुरायची.

येऊन जा. चहा मिळेल.
तुझी पंचशीला